किमोनोची उजवी बाजू

थोर कला माणसाला दुसऱ्याच्या दुःखाजवळ नेते. आम्हाला ती आखातातल्या या शहरात, करामा नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटपर्यंत नेत असे. तिथे जायचं मुख्य कारण असं, की देरा भागातल्या आमच्या इमारतीचा एसी जुलै लागला की धापा टाकायचा आणि देवधरसाहेबांकडचा टाकायचा नाही. दुःख वगैरे नंतर आलं.

परवा शाळांना सुटी लागली आणि ते सगळं पुन्हा वर आलं. मी आता डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. पार्किंगमधल्या गाड्यांवर धूळ साचू लागली की समजायचं, माणसं गावाला गेली. लिफ्टमध्ये दोऱ्यांनी आवळलेले खोके, त्यांवर मार्करनं लिहिलेलं नाव आणि गाव. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि जगाकडे थोडा वेळ नुसतं अंदाजानं बघावं लागतं. गार नळाला उकळतं पाणी येतं, म्हणून गिझर बंद ठेवायचा आणि त्यात साठून निवलेलं पाणी गार म्हणून अंगावर घ्यायचं. ही युक्ती मला त्या उन्हाळ्यात फिलोमिनानं शिकवली. इथे येऊन मी जे काही शिकले त्यातलं एवढं आजही उपयोगी पडतं. बाकीच्यात जपानी सिनेमा येतो.

नव्वदचं दशक होतं. माझा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, महिन्यातले निम्मे दिवस पाण्यात. मी बंदरावरचा माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत पत्रं टाइप करत असे. रजा मिळाली नव्हती, म्हणून मुलगी मैथिली आणि मी त्या वर्षी उन्हाळाभर इथेच राहिलो. फ्लॅटमधली एक खोली आम्ही फिलोमिनाला भाड्यानं दिली होती. ती वसईची, तिशीला टेकलेली, एका हॉटेलातल्या जपानी रेस्टॉरंटच्या दारात उभी राहायची. काम एवढंच: वाकायचं, हसायचं, टेबलापर्यंत न्यायचं, परत दारात यायचं. रेस्टॉरंटात जपानी माणूस एकही नव्हता. आचारी फिलिपिनो, वाढपी मंगलोरचे, मासे ओमानचे.

तिच्या खोलीला स्वतंत्र कुलूप होतं आणि त्याची किल्ली ती गळ्यातल्या क्रूसाशेजारी घालायची. मी एकदा हसले, तर म्हणाली, "हसा ताई. माझ्या भावाच्या घरात कपाटाला कुलूप लावलं तर भावजय विचारते, काय लपवतेस गो? इथे कोण विचारत नाय. एवढ्यासाठीच मी आले. पैशाबिशाचं नंतर."

कुलूपवाली ती खोली ही तिची एकच गोष्ट होती, आणि ती हॉटेलच्या व्हिसावर लटकलेली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की विमान, आणि विमानाच्या दुसऱ्या टोकाला भावजय. करार त्या सप्टेंबरात संपत होता.

देवधरसाहेब एका मोठ्या कंपनीत ॲडमिन मॅनेजर होते. त्यांच्या शब्दावर माणसं या देशात येत आणि जात. त्यामुळेच की काय, आपण बोलत असताना समोरचा उठून जाईल ही शक्यता त्यांनी कधी धरली नव्हती. त्यांच्या ओळखीचा एक जपानी इंजिनिअर बदली होऊन परत गेला. इथून जाताना माणूस फ्रिज विकतो आणि कुंड्या वाटतो. त्यानं खोकाभर व्हिडिओ कॅसेट यांना दिल्या. सगळे जुने, काळे-पांढरे सिनेमे, आणि सगळे गेशांचे. त्या इंजिनिअरला दुसरं काही आवडत नसावं, किंवा जे आवडत होतं ते तो बरोबर घेऊन गेला असावा. देवधरसाहेबांनी त्या खोक्यातून 'अभिजात जपानी चित्रपट रसास्वाद मालिका' उभी केली. पत्रक काढलं. पत्रकावर पंखा होता. गेशा म्हणजे लहानपणापासून गाणं, नाच आणि बोलणं शिकवून पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी तयार केलेली बाई. ते सगळं पत्रकात 'कलावती' या शब्दात उरकलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जमायचो. बायका बहुतेक गावाला गेलेल्या, त्यामुळे पुरुषच जास्त. इस्त्री नसलेले शर्ट आणि बाहेरच्या जेवणाची तक्रार. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं पांढरी आणि जपानी घरांची दारं पांढऱ्या कागदाची, म्हणून अक्षरं कुणाला दिसायची नाहीत. त्यावर तोडगा असा, की देवधरसाहेब टीव्हीला खेटून बसत आणि मराठीत मोठ्यानं सांगत. त्यांचं मराठी संगीत नाटकांवर पोसलेलं. पडद्यावरची बाई दोन शब्द बोलून गप्प व्हायची आणि इकडून यायचं, "नाथ, आपले चरण या उंबऱ्याला पुन्हा केव्हा लागतील?" मला शंका आहे की ती फक्त मंगळवारी येणार का, असं विचारत होती.

तरीही ते सिनेमे चांगले होते. हे सांगताना मला अजून थोडं अवघड वाटतं. कॅमेरा जमिनीलगत बसलेला असायचा, जेवायला आलेल्या माणसासारखा. सरकती दारं. तीन तारांचं ते वाद्य, एकेक सूर असा यायचा की वाजवणाऱ्यानं मधे थांबून विचार केला असावा. प्रत्येक सिनेमात एक मोठी बाई एका लहानीला कपडे घालत असायची: मागे उभी राहून, पट्टा आवळत, गुडघा टेकवून. पैसेवाला आश्रयदाता असायचा, त्याचा चेहरा फारसा दिसायचा नाही. दारातले जोडे दिसायचे. कुणी कुणाला स्पर्श करत नसे, तेव्हा इथल्या सेन्सॉरलाही कात्री चालवायला जागा मिळाली नसती. आणि तरी दर वेळी कुणाचं तरी आयुष्य संपायचं, शांतपणे, केसातली फणी नीट करता करता.

फिलोमिना आमच्यात आली ती रसास्वादासाठी नव्हे. तिच्या मॅनेजरनं नवी कल्पना काढली होती: दारातल्या मुलींना आता गेशा करायचं. तोंडाला पांढरा रंग, किमोनो, छोटी पावलं. त्यानं मुलींना सांगितलं होतं, सिनेमे बघा आणि चालणं शिका. मी म्हटलं, सिनेमे आहेत आमच्याकडे.

"तुम्ही आम्हाला तरुण रसिक मिळवून दिलात," देवधरसाहेब मला म्हणाले. फिलोमिना पुढच्या रांगेत बसून फक्त पडद्यावरच्या पायांकडे बघत होती.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. सिनेमा संपला होता, दिवे लागले होते, देवधरसाहेब आश्रयदाता या संकल्पनेचा सांस्कृतिक उगम सांगत होते. त्याच्या इच्छेनं ती त्या घरात राहते, त्याच्या इच्छेनं बाहेर पडते, त्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही.

"म्हणजे कफील," फिलोमिना म्हणाली.

कफील म्हणजे इथला स्पॉन्सर, ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो. खोलीतल्या प्रत्येकाचा पासपोर्ट त्या क्षणी कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होता. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी चहाचं विचारलं.

"आपण विषयाला धरून बोलू या," देवधरसाहेब म्हणाले.

घरी तिचा सराव चालायचा. माझी जुनी साडी घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळून ती हॉलमध्ये सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत जायची. मैथिली सोफ्यावर पाहुणी होऊन बसायची.

"आंटी, यू आर वॉकिंग लाइक अ पेंग्विन."

"गप गो. चहा घेणार का, सांग."

"से इट प्रॉपरली! से 'माय लॉर्ड'!"

फिलोमिना गुडघ्यांवर बसून स्टीलच्या किटलीतून पाणी ओतायची, दुसऱ्या हातानं नसलेली बाही सावरत. ते मात्र तिला सुंदर जमलं होतं. मनगट असं वळायचं की मी भाजी चिरायची थांबून बघत राहायचे. आणि मग मला वाटायचं, मी हे कोणत्या खुर्चीत बसून बघते आहे?

किमोनो सत्वा भागातल्या एका शिंप्यानं शिवले. खरा किमोनो अंगाभोवती घेऊन पट्ट्यानं बांधतात. त्याला लागतो वेळ, आणि मुलींना बदलायला मिळायची पंधरा मिनिटं. म्हणून मॅनेजरनं आतून हुक लावून घेतले. शिंपी लखनौचा, जन्मभर बायकांचे शर्ट शिवलेला. त्यानं बायकांच्या शर्टाची पद्धत धरली: उजवी बाजू वर, डावी खाली. फिलोमिनानं तो घरी आणून घालून दाखवला. निळा, त्यावर बगळे. मी म्हटलं छान आहे. मैथिली म्हणाली, "वॉव." पुढच्या शुक्रवारी फिलोमिनानं किमोनोतला आपला फोटो देवधरसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ बघितला आणि "अस्सल," म्हणाले.

ऑगस्ट लागला आणि हॉटेलात बातमी पसरली, की जपानहून एक शिष्टमंडळ येतंय, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याचं, आणि शुक्रवारचं दुपारचं जेवण त्यांच्या रेस्टॉरंटात. मॅनेजरनं मुलींना गोळा करून सांगितलं, पाहुण्यांनी म्हटलं तर शेजारी बसायचं. गेशा बसतात.

त्या दिवशी फिलोमिना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली. आत आली नाही.

"उभं राहणं काम आहे, ताई. मी दिवसभर उभी राहीन. बसणं काम नाय. एकदा बसले की मग कुठे बसायचं, किती वेळ, कोणाजवळ, ते मी ठरवणार नाय."

"मग नाही म्हण."

"आणि सप्टेंबर?"

आम्ही देवधरसाहेबांकडे गेलो, मुद्दाम सिनेमाचा वार सोडून. त्यांच्या कंपनीत रिसेप्शनिस्टची जागा रिकामी होती, हे त्यांनीच एकदा बोलताना सांगितलं होतं. मी विचारलं. फिलोमिना पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आदल्याच शुक्रवारी, पडद्यावरच्या म्हाताऱ्या गेशानं आपलं वाद्य विकायला काढलं तेव्हा, याच खोलीत त्यांनी डोळे पुसले होते.

"जागा आहे," ते म्हणाले. "नाही असं नाही. पण तुम्हीच विचार करा. आमची मिसेस पुण्याला. अशा वेळी मी एका सिंगल मुलीला स्वतःच्या शब्दावर आत घेतलं, आणि ती हॉटेलातली..." मग फिलोमिनाकडे बघून, "तुमच्याबद्दल नाही हं. लोकांबद्दल बोलतोय."

"हो सर," फिलोमिना म्हणाली.

"उन्हाळा संपू दे. मिसेस आल्या की बघू. इन्शाल्ला."

मी माझ्या ऑफिसातही विचारलं. सही करणारा माणूस लंडनला होता. या देशात उन्हाळ्यात सगळीकडे सही करणारा माणूस लंडनला असतो. मागे उरलेले आम्ही एकमेकांना 'आफ्टर समर' म्हणत फिरत असतो.

शिष्टमंडळ आलं त्या शुक्रवारी फिलोमिना दुपार कलल्यावर परत आली. रंग धुतला होता, पण कानामागे आणि मानेवर तसाच. सिनेमात गेशांच्या मानेवर थोडी कातडी बिनरंगाची ठेवतात, तिथे नजर जावी म्हणून. हॉटेलच्या ब्युटीशियननं भिंतीला चुना द्यावा तशी मान सरसकट पांढरी केली होती. ती सोफ्यावर बसली आणि मी न विचारताच बोलू लागली.

शिष्टमंडळ आत आलं आणि दारातच थबकलं. ओळीनं उभ्या असलेल्या मुली वाकल्या. पाहुणे वाकले नाहीत, बघत राहिले. मग खाली मान घालून टेबलाकडे गेले आणि जवळजवळ काही न बोलता जेवले. मॅनेजर खूश. त्याला वाटलं, भारावले आहेत. जेवण अर्ध्यावर असताना त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क माणसानं फिलोमिनाला हातानं खूण केली: बस.

"मी मॅनेजरकडे बघितलं. त्यानं डोळे मोठे केले. मी बसले, ताई."

म्हातारा इकडे तिकडे न बघता, अगदी हळू आवाजात, तुटक इंग्रजीत बोलला. तुमची चूक नाही, म्हणाला. पण किमोनोची डावी बाजू वर असते. उजवी वर आम्ही फक्त मेलेल्या माणसाला घालतो. चितेवर ठेवताना. हे सगळ्यांसमोर उभ्यानं सांगितलं असतं तर तुम्हाला लाज वाटली असती, म्हणून बसवलं. माफ करा.

"किती चांगला माणूस," मी म्हटलं.

"हो ना," फिलोमिना म्हणाली. "त्यानंच घात केला."

कारण मॅनेजरनं एवढंच पाहिलं होतं, की ती बसली. आणि पाहुणा तिच्याशी बोलला, आणि उठताना तिच्यापुढे वाकला. पाहुणे गेल्यावर त्यानं सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या. उद्यापासून फिलोमिना बसणार, म्हणाला, सगळ्या टेबलांवर. आणि सगळी टेबलं काही जपानी नव्हती. तिनं किमोनोचं सांगितलं. तो म्हणाला, इथे कोणाला कळतंय? हुक तसेच राहिले.

"काल मी नाय म्हटलं असतं तर सांगता आलं असतं, मला जमत नाय. आता कसं म्हणू? जमताना बघितलं त्यानं."

ती शनिवारी नाही म्हणाली. कारण दिलं नाही. कारण दिलं की माणसं ते दुरुस्त करायला बघतात, असं तिचं म्हणणं. मॅनेजर ओरडला नाही. "खलास," म्हणाला आणि फोन उचलला. व्हिसा रद्द झाला, देश सोडायची मुदत मिळाली. तिच्या जागी नेपाळची एक मुलगी बसू लागली. तिचं नाव फिलोमिनाला ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. तिला चालणं शिकायला सिनेमे दाखवण्याची गरज पडली नाही म्हणे. तिनं आदल्या मुलींकडे बघून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी मी एकटीच करामाला गेले. देवधरसाहेबांना उजव्या-डाव्या बाजूचं सांगितलं.

"ते माझ्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, उगाच रसभंग नको."

त्या संध्याकाळी लोकांच्या आग्रहावरून एक आधी बघितलेला सिनेमा पुन्हा लावला. मी यावेळी पाय बघितले नाहीत, चेहरे बघितले नाहीत, देवधरसाहेबांचे नाथ आणि चरण कानावर घेतले नाहीत. फक्त छातीवरची घडी बघत बसले. डावी वर, डावी वर, प्रत्येक बाईची डावी वर. शेवटाकडे एक तरुण गेशा आजारानं मरते. तिला चटईवर निजवलंय, मोठी बाई तिचा किमोनो नीट करते, आणि हात क्षणभर थांबतो. मग ती उजवी बाजू वर घेते. एवढंच. त्या बाईचं सगळं दुःख त्या थांबलेल्या हातात होतं. आम्ही हा प्रसंग जुलैमध्ये पाहिला होता. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आम्ही काय बघतोय ते कुणालाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून मला लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा फारसा भरवसा वाटत नाही. माझ्याही. दर उन्हाळ्यात चष्म्यावर वाफ धरते, आणि पुसताना मनात येतं की ती निळी, बगळ्यांची घडी त्या दुसऱ्या मुलीनं किती दिवस अंगावर वागवली असेल. कुणी म्हातारा तिला बसवून सांगायला आला असेल का? आला असेल, तर त्यानंतर काय झालं असेल?

फिलोमिना मात्र मुदतीचे दिवस खोलीत बसून काढणार नव्हती. रोज सकाळी शेअर टॅक्सी पकडून ती शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जायची, हातात बायोडेटाचं पाकीट, डोक्यावर छत्री. गॅरेज, गोदाम, वर्कशॉप, एकामागून एक. संध्याकाळी सँडलवर ग्रीसचे डाग घेऊन यायची. कुणी म्हणे आफ्टर समर, कुणी म्हणे नवरा कुठे आहे. मैथिली तिच्यासाठी रात्रीच्या जेवणाआधी गिझरमधलं गार पाणी बादलीत काढून ठेवायची. एका संध्याकाळी ती बादलीकडे न जाता आधी आमच्या सोफ्यावर बसली आणि हसायला लागली. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका पठाणाच्या दुकानात मुलाखत झाली होती. तो टायरवर बसला होता. तिनं आम्हाला दोन्ही आवाज काढून दाखवले.

"फोन पे अंग्रेजी बोलेगी?"

"बोलूँगी."

"कस्टमर गाली देगा."

"सुन लूँगी."

"सुनना नहीं है, वापस देना है."

"सीख लूँगी."

मग तिनं विचारलं होतं, पासपोर्ट कुणाकडे राहणार. पठाणानं वेड्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "अपने पास रखो. मेरे पास तिजोरी नहीं है. यल्ला, काम शुरू करो."

त्याच्या सह्या करणारा माणूस तो स्वतःच होता आणि तो लंडनला गेला नव्हता. व्हिसा मुदतीच्या आत झाला. त्या खोलीत ती पुढे बरीच वर्षं राहिली. आम्ही फ्लॅट सोडला तेव्हा भाडेपट्टा तिनं आपल्या नावावर घेतला आणि आमच्या खोलीत भाडेकरू ठेवले.

देवधरसाहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. जाताना त्यांनी कॅसेटचं खोकं इथल्या मराठी मंडळाला भेट दिलं आणि त्या प्रसंगी कला आणि करुणा या विषयावर भाषण केलं. खूप टाळ्या पडल्या.

फिलोमिना अजून त्याच दुकानात आहे, आता मॅनेजर. माल जपानहूनच येतो: वापरलेल्या गाड्या अर्ध्या कापून कंटेनरमध्ये भरलेल्या, त्यांतून सुटे भाग काढून विकायचे. काल मी शेजाऱ्यांच्या गाडीसाठी फोन केला होता. ती म्हणाली, गिअरबॉक्सला गॅरंटी मिळते. क्लच प्लेटला नाही.